हेमेंद्रच्या गाडीचं पुढचं चाक

फुलचूरच्या चुन्नीलाल टेंभरेला कुणी मिस्त्री म्हणत नाही, ब्रेकवाला म्हणतात. इंजिनात हात घालणारे गोंदियात शंभर सापडतील, पण ब्रेकचं काम निघालं की माणूस बरोबर गोरेगाव रस्त्याला वळतो आणि पत्र्याच्या त्या लांबट शेडपुढे गाडी उभी करतो. तीस वर्षं झाली. काम झालं की चुन्नीलाल गाडी स्वतः चालवून बघणार, मोकळा रस्ता पाहून स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढणार आणि ब्रेक दाबणार. गाडी नाकासमोर सरळ उभी राहिली तरच चावी मालकाच्या हातात. जराशी जरी डावीउजवीकडे ओढली, तर मालकाच्या घरी लग्न असो की मयत, चाकं पुन्हा खोलली जातात. अशा माणसाला तीन वर्षांपासून एक चाक खोलायची छाती होत नव्हती, हे कोणाला सांगून खरं वाटेल?

ते चाक हेमेंद्र बिसेनच्या गाडीचं. हेमेंद्रचं गोरेगावला खता-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस बोलघेवडा, हसरा, आणि स्वतःच्या हुशारीवर फार खूश. त्याची पांढरी छोटी गाडी बाजाराच्या दिवशी आणि लग्नसराईत तेवढी बाहेर निघते. अलीकडे ती ब्रेक दाबला की किरकिरते. नाक्यावरून तो आवाज आला की चुन्नीलाल हातातलं काम टाकून दुसऱ्या एखाद्या गाडीखाली सरकतो आणि तिथूनच ओरडतो, "आज नाही जमत हेमेंद्रभाऊ, हात गुतले आहेत!" हेमेंद्र बिचारा हसून जातो. तो आवाज पार विरेपर्यंत चुन्नीलाल खालीच, ऑइलच्या वासात, पडून असतो.

आणि दुपार. दुपार तर त्याच्या जिवावरच यायची.

एक ते दोन, जेवणाच्या वेळी, शेडमध्ये कोणी नसतं. एका भंगार गाडीची मागची सीट काढून त्यानं गिऱ्हाइकांना बसायला भिंतीशी टाकली आहे. त्या सीटवर उदाराम कटरे गुरुजी येऊन बसतात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. चुन्नीलाल डबा उघडून पहिला घास तोंडाशी नेतो, तेवढ्यात विचारतात, "असलीच टाकलास ना रे चुन्नी?" भुताखेतांवर चुन्नीलालचा विश्वास नाही. जन्मभर त्यानं लोकांची त्यावरून टर उडवली. पण गुरुजींना जाऊन तीन वर्षं झाली, आणि ते उठून गेल्यावर सीटचा दबलेला फोम हळूहळू वर येताना त्यानं या डोळ्यांनी पाहिला आहे. आता बोला! पहिल्या पहिल्यांदा तो उत्तर द्यायचा, "हो जी, गुरुजी." मग उत्तर देणं थांबलं आणि डबाही तसाच भरलेला घरी परत जायला लागला. निर्मलाबाईनं, त्याच्या बायकोनं, भाज्या बदलून पाहिल्या, कोथिंबिरीची वडी केली, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, ॲसिडिटी.

झालं होतं ते असं.

ब्रेकचे पॅड म्हणजे काय, तर लोखंडी पाटीवर चिकटवलेली काळ्या मसाल्याची जाड वडी. पुढच्या दोन चाकांना मिळून चार लागतात. ते कंपनीचे असली घ्यायचे की बाहेरचे, हा प्रश्न चुन्नीलाल रोज दहा वेळा ऐकायचा आणि दोन्ही माल विकायचा, त्यात त्याला काही लाज नव्हती. बाहेरचाही चांगला माल असतो, चांगल्या कारखान्यात बनलेला, गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीला त्यानं काही होत नाही. पण त्याच्याही खाली एक हलका माल येतो, नाव ना गाव, डबा मात्र झगझगीत. त्याला सगळे नुसतं 'लोकल' म्हणतात. नवेपणी असली आणि लोकल एका आईची लेकरं वाटतात, गाडीही दोन्ही सारखीच थांबवतात. फरक कळतो तापल्यावर. घाटात दहा मिनिटं पाय ब्रेकवर राहिला की लोकलचा मसाला हात टेकतो. पेडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी मात्र खुशाल जात राहते. थंड झाला की पुन्हा शहाणा, कोणी तपासा, काही सापडायचं नाही. असलीवर लोखंडी पाटीच्या पाठीला कंपनीचा शिक्का ठोकलेला असतो, लोकलची पाठ कोरी. ओळखायची खूण तेवढी एक.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन डबे आले होते. एक असलीचा, उदाराम गुरुजींसाठी. गुरुजी गोरेगावजवळच्या खेड्यात राहायचे, नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते, आणि पोरीनं गाडीचं लायसन काढलं म्हणून ब्रेक नवे करून घेत होते. "माही रुची चालवणार आहे, असलीच टाक," असं त्यांनी तीनदा बजावलं होतं. दुसरा डबा लोकलचा, हेमेंद्रसाठी. "गाडी उभीच तर राह्यते, असली कायले पायजे?" हा त्याचा हिशेब. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या.

दसऱ्याला गॅरेजात हत्यारांची पूजा होते. पाने, जॅक, हातोडे धुऊन मांडायचे, गोंड्याची फुलं वाहायची. चुन्नीलालच्या घरची रीत अशी की दुसऱ्या दिवशी गाड्यांना लागायचे पार्टही डब्यातून काढून पूजेत ठेवायचे, त्यांच्या पाठीवर हळदीकुंकवाचं बोट ओढायचं आणि ते न पुसता तसेच गाडीत बसवायचे. गिऱ्हाइकांना ते फार आवडायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रेक करून घ्यायला लोक मुद्दाम थांबायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींची गाडी पहिली. गुरुजी सीटवर बसून पेपर वाचत होते. चुन्नीलालनं असलीचा डबा उघडला, चारही पॅडच्या पाठीवर कुंकवाचा जाड लेप. निर्मलाबाई चहा घेऊन आली होती, ती सहज बोलून गेली, "पूजेतला सामान मीच डब्यात भरून ठेवली जी, झाडू माराचा होता."

चुन्नीलालचा हात थांबला. आठ पॅड पाटावर शेजारी शेजारी होते. डब्यात कोणते गेले? अंगठ्यानं कुंकू पुसलं असतं तर खाली शिक्का दिसला असता, नाहीतर दिसला नसता. एका अंगठ्याचं काम! त्यानं अंगठा नेलाही होता. पण गुरुजी पेपरावरून बघत म्हणाले, "राहू दे रे कुंकू, देवाचं आहे." आणि चुन्नीलालच्या मनानं ते लगेच धरलं. खरं सांगायचं तर देवाधर्माचा प्रश्नच नव्हता. बाहेर तीन गाड्या खोळंबल्या होत्या, आणि बायको दहावी पास आहे, डब्यावरचं वाचलंच असेल, असं त्यानं ठरवून टाकलं. पॅड बसवले. दुपारी उरलेला डबा हेमेंद्रच्या गाडीत गेला, त्याच्यावरही कुंकू तसंच.

दिवाळीनंतर गुरुजी आणि रुची, दोघंच, डोंगरगडला देवीच्या दर्शनाला गेले. गुरुजींच्या बायकोचे, सुशिलाबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या घरी राहिल्या. परतताना पोरगी चालवत होती. दरेकसाच्या घाटात उताराला गाडी आवरली नाही आणि डाव्या अंगानं सागाच्या झाडावर गेली. गुरुजी डावीकडे बसले होते. रुचीचा हात मोडला. ती एकोणीस वर्षांची होती.

तेरवीला चुन्नीलाल गेला. अंगणात मंडप, पन्नास-साठ माणसं. हाताला प्लास्टर बांधलेली रुची दारात बसून येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती, "मी ब्रेक दाबला होता. पेडल कडक झालं होतं, गाडी थांबूनच नाही राहिली." लोक च्‌ च्‌ करून पुढे सरकत होते. तेवढ्यात गुरुजींचे थोरले भाऊ बिसराम यांनी चुन्नीलालला सगळ्यांपुढे गाठलं.

"तू सांग बापा. ब्रेक कसे होते?"

काय म्हणायला हवं होतं ते चुन्नीलालला ठाऊक होतं. 'शंका आहे जी,' एवढंच. पण साठ माणसं बघत होती, तीस वर्षांचं नाव होतं, आणि जीभ आपली आपणच चालली. "असली, कंपनीचे. मी माह्या हातानं टाकलो."

"मंग झालं," बिसराम म्हणाले. "पोट्टी घाबरली अन् ब्रेक सोडून रेसवर पाय देली."

रुचीनं मान वर करून चुन्नीलालकडे पाहिलं आणि त्यानंतर ती ते वाक्य पुन्हा कोणाला बोलली नाही. गावानं काय ते ठरवून टाकलं. बाप खाल्लेली पोरगी! जुळत आलेली सोयरीक मोडली, कॉलेज सुटलं. भंगारवाल्यानं गाडी नेली, तुकडे झाले, विषय संपला.

पण चुन्नीलालचा संपला नाही. कसा संपेल? ज्याचा पाय रेसवर असतो त्याला पेडल कडक लागत नाही. महिनाभर गाडी चालवलेल्या पोरीला हे वाक्य रचून सांगता येत नाही, ते फक्त खरोखर ब्रेक दाबणारा सांगू शकतो. साठ माणसांत हे कळणारा एकच होता, आणि त्यानंच तिला खोटी पाडली.

त्या दिवसापासून त्यानं लोकल माल ठेवणं बंद केलं. कुणी मागितला तर अंगावर धावून जायचा. प्रत्येक पॅड घासून, शिक्का गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरून मगच बसवायचा. दसऱ्याला पूजेत नुसते पाने ठेवायचा. लोक म्हणाले, चुन्नीभाऊ वयानं पक्का झाला. आणि तो मात्र मनात एक आशा धरून होता, तिच्यावर जगत होता म्हणा ना: डबे बदललेच नसतील. गुरुजींना असलीच गेले असतील आणि पोरगीच चुकली असेल. एका पोरीचं वाटोळं व्हावं अशी आशा! पण होती. ती खरी की खोटी, हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. हेमेंद्रच्या गाडीच्या पुढच्या चाकात. तिथे कोरी पाठ निघाली तर चुन्नीलाल सुटला. शिक्का निघाला तर नाही.

या मार्गशीर्षात, भर दुपारी, हेमेंद्रची गाडी शेडपुढे येऊन थांबली आणि चुन्नीलालला गाडीखाली शिरायला वेळच मिळाला नाही. किरकिर गेली होती. आता लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज होता. मसाला संपला होता, नुसती पाटी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला खात होती.

"आज सोडत नाही तुले," हेमेंद्र चावी फेकत म्हणाला. "उद्या पोरीच्या सासरी जाऊन राहिलो. पुरं कुटुंब, नातू बी संग आहे."

"कोणत्या रस्त्यानं?"

"दरेकसाच्या घाटानं. दुसरा कोणता आहे?"

सीटवर गुरुजी बसलेलेच होते. हेमेंद्र सरळ जाऊन त्यांच्या जागेवरच बसला आणि मोबाइल काढला. चुन्नीलालला वाटलं, ओरडावं, उठ तिथून. तो ओरडला नाही. जॅक लावला.

चाकाचे नट सोडवताना पाना दोनदा घसरला. पॅड धरून ठेवणारा कॅलिपर खोलला, आतला पॅड काढला. तीन वर्षांच्या काजळीनं पाठ डांबरासारखी झाली होती. त्यानं पेट्रोलमध्ये चिंधी बुडवली, घासली, मग तारेचा ब्रश घेतला. आधी काळं गेलं. मग करपलेलं तांबडं काहीतरी निघालं. आणि त्याच्याखाली, नखाला लागला आधी, डोळ्यांना नंतर, शिक्का.

दुसराही तसाच.

मन किती लबाड असतं बघा. लगेच म्हणालं, दोन-दोन मिसळले असतील, उजव्या चाकात लोकल असतील, म्हणजे गुरुजींच्याही गाडीत दोन तरी असली गेले असतील. तो धावतच उजवीकडे गेला. ते चाक खोललं, घासलं, इतकं घासलं की बोटं सोलली. शिक्का. आणि शिक्का. चारही असली. गुरुजींनी तीनदा बजावून मागितलेले चारही पॅड हेमेंद्रच्या गाडीत बसून आरामात बाजार करत होते.

"काऊन रे, असा काऊन बसला?" हेमेंद्रनं विचारलं. "पाह्य, लोकल माल तीन वर्सं चालला. लोक फुकट असलीच्या मांगे लागतेत. पुन्हा तोच दे."

"हे लोकल नाही जी," चुन्नीलाल म्हणाला. "असली होते. चुकीनं तुमच्या गाडीत लागले."

हेमेंद्र मांडीवर थाप मारून हसला. "म्हंजे माही तर लॉटरीच लागली म्हन!"

चुन्नीलालनं त्याच्या गाडीत नवे असली पॅड बसवले, घासलेल्या डिस्क बदलल्या, हात सोडून ब्रेक दाबून पाहिला. गाडी सरळ उभी राहिली. हेमेंद्र खुशीत गेला. मग चुन्नीलालनं हात धुतले आणि मागच्या दारानं घरात गेला. निर्मलाबाई तांदूळ निवडत होती. त्यानं चार जुने पॅड तिच्यासमोर ठेवले, उलटे, शिक्का वर करून.

तिनं एकेक हातात घेऊन पाहिला. ती काही अडाणी नव्हती, तीन वर्षांत तिनंही हे शंभर वेळा ताडलं होतं आणि एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

"डब्यात मीच तर भरली होती," ती म्हणाली. "मी येऊ का जी संग?"

"तू भरली. पुसून पाहाचं काम माहं होतं."

तो एकटाच निघाला. मोटारसायकलवर गोरेगावचा रस्ता, दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या, ऊन चांगलं लख्ख. गुरुजींच्या अंगणात सुशिलाबाई सुपात लाखोरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. रुची ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गावातल्या चार लेकरांची शिकवणी घेत होती. मायलेकींत एवढं मोठं अंगण मोकळं होतं, ते चुन्नीलालला आज पहिल्यांदा दिसलं. रुचीनं त्याला पाहिलं आणि लेकरांना घरी पाठवून दिलं.

तो खाली बसला, मातीतच. पिशवीतून पॅड काढले आणि सगळं सांगितलं. पूजा, डबे, न पुसलेलं कुंकू, तेरवीचं बोलणं, आजचं चाक. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. "पोरीनं ब्रेकच दाबला होता, बाई," तो म्हणाला. "ते खरं सांगत होती. खोटा मी बोललो."

सुशिलाबाईंच्या हातातलं सूप मांडीवरून कलंडलं, डाळ सांडली, त्यांनी ती भरली नाही.

"तुह्या एका बोलावर मी हिच्यासंग बोलणं सोडली, चुन्नीलाल," त्या म्हणाल्या. आवाज फार हळू होता. "तीन वर्सं एका घरात राहून. ताट वाढली की सरकवून देत होती, नाव नाही घेतली." मग एकदम आवाज चढला. "आता माह्याजवळ काय सांगतो? येत्या बाजाराला ये. बिसरामभाऊजीले, साऱ्या गावाले बलावतो. त्यायच्यापुढं सांग!"

"येतो, बाई. पोलिसातही जाऊन सांगतो."

रुची उठून जवळ आली. तिनं एक पॅड उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि होता तसा ठेवला. रडली नाही. ती रडेल, शिव्या देईल, पायातली चप्पल काढेल, अशी तयारी करून चुन्नीलाल आला होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं शांतपणे विचारलं, "काकाजी, तेरवीच्या दिवशी तुमाले मालूम होतं?"

"शंका होती, माय."

"मंग काऊन नाही बोलले?"

चुन्नीलालनं खूप शोधलं. धंदा, नाव, साठ माणसं, सगळं आठवून पाहिलं. शेवटी जे होतं तेवढंच तोंडातून निघालं. "भ्याव लागला."

रुचीनं मान हलवली.

"भ्याव तर मले बी लागला होता, काकाजी," ती म्हणाली. "झाड समोर दिसून राहिलं होतं. पण मी पाय नाही उचलला."